धातूंच्या यादीत फसवे शब्दही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या पानांवर इंग्रजी शब्द लॅटिन धातूंवरून शिकवायची पद्धत आता रुळली आहे. पद्धत उत्तम आहे. 'औदीरे' म्हणजे ऐकणे एवढं कळलं की ऑडियन्स, ऑडिशन, ऑडिटोरियम, इनऑडिबल वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. ऑडिटही त्याच घरचा: पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जात आणि तपासनीस ते ऐकत असे.

पण 'ऑड म्हणजे ऐकणे' एवढीच ओळ छापली की विद्यार्थी ऑडेशसचाही (धाडसी) संबंध कानाशी लावतो. तो आला 'औदेरे', म्हणजे धजणे, या निराळ्या धातूवरून. 'औरिस' म्हणजे कान, त्यावरून ऑरिकल (बाह्यकर्ण). ऑस्पिशस (शुभ) मात्र 'आविस', म्हणजे पक्षी, यावरून आला, कारण रोमन लोक पक्षी पाहून शकुन सांगत. उलट ओबे, म्हणजे आज्ञा पाळणे, या शब्दात 'औद' कुठेच दिसत नाही, तरी तो औदीरेचाच. आधी 'ओब' उपसर्ग लागून 'ओबोएदीरे' झालं आणि फ्रेंचमधून येताना ते झिजलं. अर्थ मराठी माणसाला चटकन पटतो. 'पोरगं ऐकत नाही' ही काही कानांची तक्रार नसते.

सर्वांत जास्त गोंधळ उपसर्गांचा. 'सोनुस' म्हणजे ध्वनी. सुपर आणि अल्ट्रा या दोन्हींपुढे याद्यांत 'पलीकडचा' असाच अर्थ असतो. मग सुपरसॉनिक आणि अल्ट्रासॉनिक एकच समजले जातात. सुपरसॉनिक हे वेगाबद्दल आहे: ध्वनीपेक्षा जलद, म्हणजे 20 अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटरच्या वर. अल्ट्रासॉनिक हे वारंवारतेबद्दल: 20,000 हर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी. खालच्या बाजूलाही तीच गत. सबसॉनिक म्हणजे ध्वनीपेक्षा संथ, इन्फ्रासॉनिक म्हणजे 20 हर्ट्झच्या खालचा. उपसर्ग कशाच्या पलीकडे नेतो, हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ अर्धवटच राहतो.

शब्द सोडवताना आधी उपसर्ग वेगळा काढावा, मग प्रत्यय, उरलेल्या धातूवरून अर्थाचा अंदाज बांधावा आणि शेवटी शब्दकोशातली व्युत्पत्ती पाहावीच. ही शेवटची पायरी गाळली की चुका होतात. पाण्याखालच्या वस्तू ध्वनीने शोधणाऱ्या सोनार या यंत्राच्या नावात 'सोनुस' थेट आलेला नाही. ते इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनलं आहे.

आपल्या पानावर यापुढे प्रत्येक धातूसोबत निदान दोन फसवे शब्द द्यावेत. ग्रीक धातूंचा रकानाही वेगळा हवा. अकूस्टिक (ध्वनीविषयक) आणि ओटायटिस (कानाचा दाह) ग्रीक आहेत, तर ऑडिओमेट्रीचा (श्रवणमापन) पूर्वार्ध लॅटिन आणि उत्तरार्ध ग्रीक आहे.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक