वृद्धाश्रमाची फरशी नको, टाचा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांवरचा आपला लेख वाचला. बाग, देवघर, बसायचे बाक, फोटो छान आहेत. माझी आत्या अशाच एका ठिकाणी सात महिने होती. नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. जागा ठरवताना आम्हीही फरशीच बघितली होती.

आम्ही दर रविवारी चारला जायचो. आत्याचे केस विंचरलेले, चहा-बिस्किटं समोर. एकदा जोतिबाहून परतताना उशीर झाला आणि संध्याकाळी साडेसातला पोचलो. दिवे घालवलेले. मजल्यावर 28 माणसं आणि त्यांच्यामागं एकच मावशी, तीही दिवसपाळी करून रात्रपाळीला थांबलेली. खाटेजवळच्या बेलची वायर वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली, आत्याचा हात पोचणार नाही इतकी वर. विचारलं तर म्हणाली, "सारखी वाजवत्यात हो." मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही वायर गुंडाळलीच असती.

पांघरूण सरकवलं तर टाचा लाल. बोटानं दाबूनही लाली हटत नसेल तर ती जखमेची सुरुवात असते, हे मला नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसा तक्ताही भिंतीवर होता. त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या!

वजनाचंही तेच. येताना आत्या 51 किलोची होती, घरी नेलं तेव्हा 44. आश्रमात वजनकाटा होता, पण कपाटावर, प्लास्टिकसकट. जेवण वाईट नव्हतं, मी स्वतः जेवलोय तिथं. पण तिची कवळी शेजारच्या आजींच्या डबीत गेलेली आणि समोर भाकरी. ताट तसंच परत जायचं आणि वहीत 'जेवल्या' लिहिलं जायचं.

तेव्हा आश्रम बघायला जाणाऱ्यांनी न कळवता जावं, रात्री आठनंतर किंवा पहाटे. दर महिन्याच्या वजनाची वही मागावी. रात्री माणसं किती, त्यांच्यामागं मावशी किती, हे विचारावं. आणि आपलं गाव कोल्हापूर, तेव्हा आणखी एक: 2019 आणि 2021 सारखं पाणी आलं तर खाटेवरच्यांना कुठं आणि कशातून हलवणार? आमच्या वेळी या प्रश्नावर व्यवस्थापक नुसते हसले होते.

कायदा नाही असं नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, 150 जणांचा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यासाठीचं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच बारगळलं. इंग्लंडमध्ये तपासणी करणारी सरकारी यंत्रणा आश्रमाला चारपैकी एक श्रेणी देते आणि ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे मिसळीच्या हॉटेलातही परवाना भिंतीवर टांगलेला असतो. समाजकल्याण विभागानं न सांगता तपासणी करून तिचा एक पानी निष्कर्ष आश्रमाच्या दारावर लावावा, एवढीच मागणी. तक्रार करायची तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे. हा नंबर आश्रमात जिन्याखाली नव्हे, खाटेसमोर लिहिलेला असावा.

आत्या आता घरी आहे, 47 किलोवर आलीय. पुढच्या आठवड्यात एका मित्राच्या आईसाठी उजळाईवाडीकडचा एक आश्रम बघायला जायचंय. वजनकाटा पिशवीत घालून ठेवलाय.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर