श्रावणाची बैठक: पाऊस आणि समुद्राच्या कविता

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी दुपारी ठीक ४ वाजता मालगुंड येथे, वाचनालयाच्या माडीवर आपली श्रावणाची बैठक होईल. या वेळी प्रत्येकाने पाऊस किंवा समुद्र याच विषयांवरील कविता आणाव्यात. एकाच विषयावरच्या कविता पाठोपाठ ऐकल्या, की एका कवीचा पाऊस पेरणीच्या काळजीचा, तर दुसऱ्याचा विरहाचा कसा होतो, हे व्याख्यानावाचून कानालाच कळते. आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची लगबग, लावणीचा चिखल व उधाणाची गाज ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तर या कविता अधिकच जवळच्या वाटतात. केशवसुतांच्या जन्मगावी हे वाचन होत आहे, याचा मला विशेष आनंद आहे.

• प्रत्येकाने जास्तीत जास्त २ कविता, ५ मिनिटांत वाचाव्यात.
• वाचनापूर्वी कवीचे नाव सांगावे. कविता स्वतःची असल्यास तसे स्पष्ट करावे.
• मालवणी व संगमेश्वरी बोलींतील कविता मुद्दाम आणाव्यात, कारण इथल्या वाऱ्यापावसाचे कितीतरी शब्द या बोलींतच जिवंत आहेत.

आपली नावे गुरुवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत.

आपला,
चिटणीस