मॅडम, ते वाक्य तुम्ही पुसलं नाहीत

प्रिय मॅडम,

गुरुवारच्या तासाला आठवडा होत आला. तोंडी आभार मानायला दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत आले आणि तशीच परत फिरले. बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून हे पत्र.

पहिल्या वर्षाला दुसऱ्या एका सरांना मी शंका विचारली होती. "आधी इंग्रजीत एक वाक्य धड बोल, मग शंका काढ," असं त्यांनी भर वर्गात ऐकवलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर, तोंड बंद. ग्रीक शोकांतिका म्हणजे माझ्यासाठी गाईडमधले पाठ करायचे मुद्दे, एवढंच उरलं होतं.

तुम्ही मात्र प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीजचं 'इफिजेनिया इन औलिस' आमच्याकडून अख्खं वाचून घेतलंत आणि मग त्यावरचा दिग्दर्शक काकोयानिसचा 1977 चा सिनेमा दाखवलात. ग्रीक योद्धा अकिलीझशी लग्न ठरलंय असं सांगून बाप मुलीला, इफिजेनियाला, छावणीत बोलावून घेतो, आणि वारा सुटून जहाजं ट्रॉयला निघावीत म्हणून तिचा बळी द्यायला तयार होतो. आयरीन पापासने साकारलेली तिची आई, क्लायटेम्नेस्ट्रा, लेकीच्या लग्नाला म्हणून किती हौसेने येते! मला सारखी माझी आई दिसत होती.

नंतर तुम्ही नाटक आणि सिनेमातला फरक विचारलात. कोरस, देव, सैनिकांची गर्दी, सगळे भराभर बोलले. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि अडकले. तुम्ही म्हणालात, "मराठीत सांग ना. ऐकतोय आम्ही."

मी म्हणाले, "नाटकात शेवटी तिच्या जागी हरीण येतं. सिनेमात ते हरीण सुरुवातीलाच मारलंय. मग तिला वाचवायला येणार कोण?"

तुम्ही काहीच बोलला नाहीत. खडू घेतलात आणि माझी वाक्यं जशीच्या तशी, मराठीत, फळ्यावर लिहिलीत. तास संपल्यावर बाकीचा सगळा फळा पुसलात, डस्टर त्या ओळींच्या कडेकडेने फिरवलात. पुढच्या तासाचे सर आले तेव्हाही त्या ओळी तिथेच होत्या.

तुमच्या लक्षातही नसेल हे. पण समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घेणारी माणसं फार थोडी भेटतात, मॅडम. तुमच्या हुशारीचं कौतुक सगळेच करतात, मला तुमचा हा चांगुलपणा जास्त मोठा वाटतो.

हरणाचा तो शेवट युरिपिडीजने स्वतः लिहिलेला नसावा, असं बरेच अभ्यासक मानतात, हे तुम्ही सांगितलंत. घरी जाऊन तो पुन्हा वाचला. हरणाची गोष्ट ऐकल्यावर क्लायटेम्नेस्ट्रालाही ती खरी वाटत नाही, आपली समजूत घालायला रचलीय असा संशय येतो. त्याबद्दल मला बोलायचंय. येत्या गुरुवारी मी हात वर करणार आहे.

तुमची विद्यार्थिनी,
तृतीय वर्ष, शेवटचा बाक