‘चांगभलं’ लिहिलेल्या टेम्पोच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. टेम्पोच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, मागं दुधाचे क्रेट, आणि तोंड कोल्हापूरकडून फोंडा घाटाकडं. मला एवढंच सांगता येतं. अशा खुणेचे टेम्पो त्या रस्त्यावर कितीतरी असणार, म्हणून हे उघडं पत्र. तुमच्यापर्यंत नाही पोचलं तरी दूध-भाजीच्या लाईनवरचा कुणीतरी वाचेल आणि ‘ती गव्याला धडकलेली बाई तुला शोधतीय’ म्हणून सांगेल.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आईच्या माहेरी, कणकवलीजवळ गेलो होतो. मी, आई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. दुपारी चारला निघायचं ठरलेलं, पण मामी जेवल्याशिवाय सोडेना आणि कोकणात जेवण म्हणजे साडेआठच्या आत ताट येत नाही. घाट चढून दाजीपूरच्या बाजूला आलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पाऊस थांबलेला, पण धुकं असं की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता. घाट संपला, आता सपाटी, या आनंदात मी पन्नास-साठनं निघाले होते. चूक माझी होती, ते आधीच लिहून टाकते.

तुम्ही समोरून आलात. दोनदा अप्पर-डिपर मारलं आणि खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबून दाखवलात. मला वाटलं पुढं पोलीस उभे असतील. लायसन आहे, पीयूसी आहे, मी कशाला भिऊ? आई म्हणालीसुद्धा, ‘तो काहीतरी सांगतोय गं.’ मी म्हटलं, ‘रात्रीच्या वेळी कुणाचं ऐकून थांबायचं नसतं.’ बाईमाणसानं एकटीनं गाडी चालवताना असंच वागायचं असतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि त्यात फारसं खोटंही नाही. पण त्या रात्री ते महागात पडलं.

दोन वळणांनंतर आधी पाय दिसले. चार पांढरे मोजे रस्त्याच्या मधोमध उभे, आणि त्यांच्यावर नुसता अंधार. तो अंधारच गवा आहे हे कळायला जो एक क्षण लागला, तेवढाच माझ्या हातात होता. ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर गाडी सरकत गेली आणि डाव्या कोपऱ्यानं त्याच्या मागच्या मांडीला लागली. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला नाही. माळ्यावरून धान्याचं पोतं पडावं तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला, उठला आणि खालच्या बाजूच्या झाडीत घुसला. डावा हेडलाईट गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. आईच्या हातातली स्टीलची डबी खाली पडून झाकणासकट गरगरत राहिली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी दार उघडलं होतं, मामा. एक पाय बाहेर टाकलाही होता. तेवढ्यात मागून तुमचा उजेड आला. धडक ऐकून तुम्ही टेम्पो वळवून आला होता. भरलेला टेम्पो त्या अरुंद रस्त्यावर, त्या धुक्यात कसा वळवलात ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही टेम्पोच्या दारालाच टेकून उभे राहिलात आणि बॅटरी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडावर मारलीत. आपण कोण आहोत ते दिसावं म्हणून. मग म्हणालात, ‘ताई, पाय आत घ्या. दार लावा. काच चार बोटं खाली करा आनि नुसतं ऐका. त्यो एकटा न्हवता. बाकीची वरच्या अंगाला हाईत अजून.’

एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही मला तो चेहऱ्यावरचा उजेड कळला. पत्र लिहायला बसले ते आधी त्यासाठीच.

इंजिन बंद करा, मोठी लाईट बंद, पार्किंग लाईट राहू दे, हॉर्नला हात लावू नका. टेम्पो तुम्ही आमच्या मागं आडवा लावलात, दोन्ही इंडिकेटर चालू ठेवून. मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. आणि मग वरच्या बांधावरून माती घसरली. एकेक करत ते उतरले. आईनं नऊ मोजले, मुलगी दहा म्हणते. मी मोजलेच नाहीत. माझ्या खिडकीपासून दोन हातांवरून एक गेला तेव्हा काच भरून नुसतं त्याचं अंग होतं, पाठ दिसतच नव्हती. भिजलेल्या गवताचा आणि गोठ्याचा वास आत आला. दोन वासरं होती, तांबूस पिवळी, आईबापांच्या काळ्या रंगाशी काही संबंध नसल्यासारखी. एक म्हातारी मादी ती दोघं पार होईपर्यंत रस्त्यात थांबली, आमच्याकडं बघत. फुस्स करून श्वास सोडला आणि गेली. मुलीनं कानात विचारलं, ‘आपण त्या वासरांच्या बाबांना लागलो का?’ मी गप्प बसले. तो नर होता की मादी, तेही मला माहीत नव्हतं.

मी दार उघडून उतरले असते, मोबाईलचा उजेड मारत त्या झाडीकडं गेले असते आणि वरून हा कळप उतरला असता. पुढचं लिहवत नाही. वयात आलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, खांद्याला सहा फूट उंच. आमची गाडीच तेवढ्या वजनाची आहे.

तेवढ्यात ती मुलांची गाडी आली. पाच जण, पावसाळी फिरायला निघालेले. उतरले, मोबाईल काढले, फ्लॅश लावले. ‘कुठंय, कुठंय’ करत दोघं झाडीकडं निघाले. तुम्ही ओरडला नाहीत. ‘पोरांनो, तुमच्यातला शहाणा कोन?’ एवढंच विचारलंत. सगळे थांबले. मग म्हणालात, ‘माझ्या फोनला रेंज न्हाई. जरा पुढं जाऊन रेंज बघा आनि 1926 लावा. जंगल खात्याला सांगा, गव्याला लागलंय, त्यो खालच्या अंगाला गेलाय. बायामानसं हाईत म्हनून सांगा.’ व्हिडिओ काढायला आलेली पोरं निरोप घेऊन पळाली. मी शाळेत शिकवते, मामा, वीस वर्षं झाली. पोरांना असं कामाला लावायला मला अजून जमत नाही.

2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला एक गवा आला होता, ते तुम्हालाही आठवत असेल. लोक मागं लागले, तो भिंतींना, गेटांना धडका देत पळाला. शेवटी भूल देऊन धरला आणि त्यातच त्याचा जीव गेला. तेव्हा टीव्हीवर बघताना मी हळहळले होते. त्या रात्री आमच्या गव्यामागं तशी माणसं लागली नाहीत.

वनखात्याची माणसं यायला तासभर लागला. त्या तासात तुम्ही आम्हाला थर्मासमधला चहा दिलात, मुलीला खारी दिलीत आणि मी विचारत गेले तसं सांगत गेलात. एकवीस वर्षं रात्रीची लाईन. गवा काळा, त्याच्या अंगावर उजेड पडला तरी परत येत नाही. आपला डिपर त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचतो. म्हणून ‘पांढरे पाय बघायला शिका, अंग दिसंपर्यंत थांबू नका.’ त्याची मान पलीकडं असली तर डोळेही चमकत नाहीत. सांबर घाबरलं की उलट फिरून गाडीसमोरच येतं. डुकरं आली की रांगेत येतात, मोठं गेलं म्हणून निघायचं नाही, पिल्लं मागंच असतात. ससा लाईटीत सापडला की सरळ पळतच राहतो, बाजूला होत नाही. जरा थांबायचं, लाईट बारीक करायची, मग जातो. बिबट्या घाटाच्या कठड्यावर बसलेला दिसला तर काचा वर घेऊन गपगुमान निघून जायचं. आणि कुणीही मधे आलं तरी ब्रेक मारायचा, स्टेअरिंग ओढायचं नाही. ‘सशाला वाचवाय गेलेला मानूस दरीतनं काढलाय आम्ही,’ हे तुम्ही इतक्या हळू बोललात की आईनं मला नंतर विचारलं, काय म्हणाला तो?

‘पुढचा गेला की आपलं ध्यान त्येच्यामागं जातं. बघायचं मागच्याला.’ हे मी आता शाळेत सगळ्यांना सांगते, तुमच्या नावावर.

घरी आल्यावर हिशेब केला, गणिताची बाई आहे म्हणून. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढं अंतर नुसतं बघण्यातच गेलं. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला पुढं आणखी तीसेक मीटर. म्हणजे पन्नासच्या आसपास. आणि डिपरचा उजेड धुक्यात पन्नास मीटर सोडाच, वीसही जात नव्हता. माझी गाडी गव्याला लागणं मी वेग धरला तेव्हाच ठरलेलं होतं. तिशीत असते तर थांबले असते.

एक गोष्ट कबूल करायची आहे, मामा. वनखात्याची गाडी यायच्या आधी मी तुम्हाला म्हटलं होतं, ‘गाडी थोडी चालतेय का बघा, निघूया का आपण?’ गवा म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्यातला पहिल्या अनुसूचीतला प्राणी, एवढं मला ठाऊक होतं. केस होईल, पेपरात नाव येईल, शाळेत काय म्हणतील, असलं सगळं डोक्यात. तुम्ही रागावला नाहीत. ‘पळालासा तर पळाला म्हनतील. थांबलासा तर धडकला म्हनतील. धडकतंय की मानूस.’ मी थांबले. वनरक्षकांनी जागा बघितली, माझं सगळं लिहून घेतलं, पंचनामा केला. पुढं विम्यालाही तोच कागद लागला. पळाले असते तर गव्याला शोधायला कुणी गेलंच नसतं, हे मात्र मला तेव्हा सुचलं नव्हतं.

तेव्हापासून असल्या बातम्या दिसल्या की वाचते. 2017 च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ ‘बाजीराव’ वाघ गाडीखाली गेला. तिकडंच पेंचमधून जाणाऱ्या 44 नंबरच्या महामार्गावर मात्र रस्ताच खांबांवर उचलून धरलाय, महाराष्ट्राच्या हद्दीतला सर्वांत लांब पूल 750 मीटरचा, आणि खालून जनावरं जातात. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनं 2019 मध्ये तिथं कॅमेरे लावले तर 18 जातींचे प्राणी ये-जा करताना सापडले, त्यात वाघही. आपल्याकडं 1958 पासून राधानगरीचं अभयारण्य आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, गव्यांसाठीच नावाजलेलं, आणि मला रस्त्यावर आठवतो तो एक पाटीवरचा गवा, रंग उडून शेळीएवढा झालेला. एवढे मोठे पूल आपल्या रस्त्याला नकोत, तेवढी वाहतूकही नाही. चार गतिरोधक आणि तीसची मर्यादा पुरेल. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलासारखा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद करावा असं काही जण म्हणतात. मला ते पटता पटत नाही, कारण मग तुमचं दूध कणकवलीत सकाळी पोचणार कसं? आणि तुम्ही नसता तर त्या रात्री आमच्या मागं कोण आलं असतं?

दुधावरून आठवलं. तुम्हाला पहाटे चारच्या आत माल उतरवायचा होता. आमच्यापायी तुम्ही सव्वा वाजता निघालात, तेही आई आणि मुलगी वनखात्याच्या गाडीत नीट बसलेल्या बघून. किती बोलणी खाल्लीत कुणास ठाऊक. पैसे घेतले नाहीत. आईनं माहेरचे नारळ पुढं केले तर हसलात, ‘मावशी, रोज कोकणात जातोय मी, मला नारळ देतासा व्हय?’ पण एक घेतलात. आईला त्याचं फार बरं वाटलं. अजून कुणी आलं की सांगते.

गव्याचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत होते म्हणे, पुढं रात्रीच्या पावसानं धुऊन नेलं. आठवड्यानं पुन्हा केला. त्या भागात मेलेलं जनावर मिळालं नाही, एक लंगडणारा गवा कळपात दिसला, तो तोच का ते सांगता येणार नाही, असं सांगितलं. मुलीनं ‘तोच’ असं ठरवून टाकलंय. मी तिला काही म्हणत नाही.

आणि मामा, तुमची बॅटरी आमच्याकडं राहिली. पिवळी, मागं इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. आईच्या हातात दिली होतीत, ती तिच्या पिशवीतून घरी आली. दिवाळीत आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो, यावेळी दुपारी. ती गाडीच्या कप्प्यात होती. येताना जाताना दुधाचा प्रत्येक टेम्पो मुलगी वाचत होती. एकावर ‘आई अंबाबाई’ होतं, एकावर नुसतं ‘पुन्हा भेटू’. तुमचा नव्हता. बॅटरी कप्प्यातच आहे. आतले सेल गळायला लागले होते, नवे घालून ठेवलेत.

तुमची,
धुक्यातली ताई