‘पेजिंग फाइल बंद करा’ हा सल्ला दुरुस्त करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाचा वेग वाढवण्याच्या युक्त्या आल्या होत्या. त्यातली एक अशी, की सी ड्राइव्हवर ‘पेजफाइल.सिस’ नावाची लपलेली फाइल कित्येक जीबी जागा खात बसते, ती बंद करून टाकावी. माझ्या दुकानात कामाला असलेल्या भाच्याने सोमवारी सकाळी तेच केलं. ८ जीबी जागा मोकळी झाली म्हणून स्वारी खूश! गुरुवारी एका गणेश मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावताना मेमरी अपुरी असल्याची पाटी आली आणि कोरल हे पानं लावायचं सॉफ्टवेअर बंद पडलं. दोन तासांचं काम गेलं. भाच्याला मी काही बोललो नाही. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायला त्याला मीच शिकवलंय.

मिरजेत १९९८ पासून माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, दुकान आहे. त्याआधी त्याच जागेत वडिलांचं ट्रेडल छपाई मशीन होतं. अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की वडील ते सुतळीने बांधत. कामाचा दगड एकच. त्यावर जागा उरली नाही की आत्ता न लागणारं पान गॅलीत, म्हणजे पत्र्याच्या तबकात, सरकवून भिंतीच्या मांडणीवर ठेवायचं, प्रुफं तपासून आली की पुन्हा दगडावर घ्यायचं. ऑपरेटिंग सिस्टिम हेच करते, आणि गंमत म्हणजे ती त्या तुकड्याला ‘पेज’च म्हणते. एक पेज ४ केबीचं. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, हा दगड; डिस्कवरची पेजफाइल ही मांडणी.

सगळीच पानं मांडणीवर जातात असं नाही. कोरलचा प्रोग्राम डिस्कवर असतोच. त्याची पानं रॅममधून टाकून दिली तरी पुन्हा वाचून घेता येतात. मांडणी लागते ती सेव्ह न केलेल्या मजकुराला, उघड्या फोटोवर केलेल्या कामाला, म्हणजे ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही त्याला. मांडणी काढली की ही पानं, लागोत न लागोत, दगड अडवून बसतात. मग जागा करायला बाहेर काढली जातात ती प्रोग्रामची पानं, जी लगेच परत वाचावी लागतात. वेग वाढायचा राहिला बाजूला, घटायचीच शक्यता जास्त.

भाच्याला कोडं पडलं ते वेगळंच. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो हे दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तर दीड जीबी रॅम रिकामी दिसत होती! इथे विंडोजचा हिशेब कळायला हवा. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा ती प्रत्यक्ष वापरण्याआधीच विंडोजला तेवढी देण्याचा शब्द द्यावा लागतो, आणि रॅम अधिक पेजफाइल या बेरजेपलीकडे ती शब्द देत नाही. मोठे प्रोग्राम जागा आधी बोलून ठेवतात, वापरतात नंतर. लग्नाचा हॉल रिकामा दिसतो, पण तारीख दुसऱ्याच्या नावावर असते, तसं. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’ हा आकडा असतो, तो बघावा.

मांडणी म्हणजे दगड नव्हे, हेही खरंच. १९९८ साली ३२ एमबी रॅमवर कोरल चालवलंय मी. डिस्कचा लाल दिवा सारखा लुकलुकायला लागला की सरळ चहाला जायचो. रॅममधून वाचायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने जुन्या हार्ड डिस्कला दिवसाहून जास्त लागेल आणि एसएसडी या नव्या, वेगवान डिस्कलाही पंधरा-सतरा मिनिटं. म्हणूनच मोबाइलच्या जाहिरातीत ‘८+८, एकूण १६ जीबी रॅम’ वाचलं की हसू येतं. त्यातली दुसरी ८ जीबी ही स्टोरेजमधली जागा असते, फक्त रॅमचं नाव दिलेली.

ज्यांनी तो सल्ला ऐकला असेल त्यांनी सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘व्हर्च्युअल मेमरी’ शोधावी, पहिल्या चौकोनात टिक करून फाइलचा आकार विंडोजवर सोपवावा आणि संगणक रीस्टार्ट करावा. सी ड्राइव्ह अगदीच भरली असेल तर तीच फाइल डी ड्राइव्हवर ठेवता येते, पण डी त्याच जातीची हवी. जुनी हार्ड डिस्क असेल तर नको. हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करायची सोय, वापरत नसाल तर ते बंद करा. ‘हायबरफिल.सिस’ जाऊन चांगली जागा मोकळी होते. मात्र संगणक लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअप त्याबरोबर जातं, एवढं लक्षात असू द्या.

येत्या रविवारी ही दुरुस्ती त्याच पानावर, त्याच चौकटीत आणि तेवढ्याच टायपात यावी, एवढी विनंती.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, मिरज