चंदनाच्या रोपाला सोबत द्या: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वनमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

वृक्षारोपणाच्या एका कार्यक्रमात मला चंदनाचं रोप मिळालं. पिशवीत एकटंच. खड्डा नीट खणला, पाणी कधी चुकवलं नाही, तरी ते पिवळं पडून वाळलं. दुसऱ्या रोपाच्या वेळी एका जाणत्या माळ्यानं सांगितलं, "शेजारी तूर टोचा." टोचली, आणि रोपानं अंग धरलं. पुढे तूर उपटून माती झटकली, तर तिच्या मुळांना चंदनाच्या मुळांवरच्या बारीक गाठी बटणासारख्या घट्ट चिकटलेल्या.

चंदन अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी, म्हणून अन्न स्वतः करतं. पाणी आणि क्षार मात्र शेजाऱ्याच्या मुळांतून ओढतं. परोपकारात झिजणाऱ्याला आपण ज्याची उपमा देतो, ते झाड असं दुसऱ्याच्या जिवावर वाढतं, याची मला गंमत वाटते. बुलबुलानं टाकलेलं बी कुंपणाच्या झुडपात रुजतं, तिथं त्याला यजमान आयताच मिळतो. आपण मात्र ते मोकळ्या मैदानात एकटं लावतो आणि आकडा कळवून मोकळे होतो.

सहाणेवर खोड उगाळताना दरवळतो तो गाभ्याचा वास. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो नसतो. गाभा चांगला भरायला पंचवीस-तीस वर्षं जातात. पंढरपुरात उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लावतात, त्या वाटीमागे एवढा काळ उभं राहिलेलं झाड असतं. चोर ते एका रात्रीत बुंध्यापासून कापून नेतो.

टिपू सुलतानानं १७९२ मध्ये चंदन राजवृक्ष ठरवलं. पुढेही म्हैसूर मुलखात मालकी सरकारचीच राहिली. आपल्याच बांधावरचं, पण आपलं नसलेलं झाड कोण राखणार? कर्नाटकानं २००१ मध्ये आणि तमिळनाडूनं २००२ मध्ये कायदा बदलून ते जमीनमालकाचं केलं, हे उत्तम झालं. पण मालकी मिळाली म्हणून रोप जगत नाही.

तेव्हा एवढंच करा. चंदन वाटताना त्याच पिशवीत तुरीचे दोन दाणे टोचून द्या. तूर एक-दोन वर्षांचीच सोबतीण, म्हणून जोडीला करंजाचं किंवा शिरीषाचं रोप द्या. त्यापायी फलकावरचा चंदनाचा आकडा निम्मा झाला तरी आमची हरकत नाही.

आपला,
चंदन लावणारा एक नागरिक