पीजीटी-ए टेस्टच्या आधी जोडप्यांना सगळं नीट सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयव्हीएफवरचा (टेस्ट ट्यूब बेबीवरचा) तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, बाकी चांगला आहे पण पीजीटी-ए टेस्ट (भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याच्या क्रोमोसोमची, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी) केली की निरोगी बाळाची खात्रीच असा जो सूर लागलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

खात्री वगैरे काही नसते हो. टेस्टने भ्रूण सुधारत नाही, जी भ्रूणं तयार झालीत त्यातलं कुठलं आधी ट्रान्सफर करायचं, म्हणजे गर्भाशयात सोडायचं, हे ठरवायला मदत होते, इतकंच. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढून क्रोमोसोम ४६ आहेत की कमीजास्त ते बघतात, आणि हा बाहेरचा थर म्हणजे पुढे वार होणारा भाग, बाळ ज्या आतल्या पेशींपासून होतं त्यांना कोणी हातही लावलेला नसतो. काही भ्रूणांमध्ये काही पेशी नॉर्मल आणि काही अॅबनॉर्मल अशी सरमिसळ असते, त्याला मोझेक म्हणतात. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १८ बायकांमध्ये अशी मोझेक भ्रूणं ट्रान्सफर केल्याचं छापून आलं, त्यातून ६ निरोगी बाळं झाली! ही भ्रूणं टाकून दिली असती तर?

२०२१ मध्ये चीनमधला १२१२ बायकांचा मोठा अभ्यास आला. सगळ्या ३७ पर्यंतच्या वयाच्या आणि प्रत्येकीची किमान तीन चांगली भ्रूणं होती. टेस्ट केलेल्यांत ७७.२ टक्के बायकांना मूल झालं, न केलेल्यांत ८१.८ टक्के. गर्भपात मात्र टेस्टवाल्यांत कमी, ८.७ टक्के विरुद्ध १२.६, आणि हा फायदा छोटा नाही, ज्या बाईने तो त्रास काढलाय तिला विचारा. चाळिशीत तर बहुतेक भ्रूणांमध्येच क्रोमोसोमची गडबड असते, तिथे ही टेस्ट वाया जाणाऱ्या ट्रान्सफरमध्ये जाणारे महिने वाचवू शकते. म्हणजे टेस्ट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण तिशीतल्या मुलीला आणि बेचाळीशीतल्या बाईला एकच सल्ला कसा चालेल?

आणि हे सगळं बायोप्सीच्या, म्हणजे त्या पेशी काढायच्या आधी बोललं गेलं पाहिजे, रिपोर्ट हातात आल्यावर नाही, तेव्हा कोणाचं डोकं ठिकाणावर असतं. मोझेक निघालं तर ठेवणार की टाकणार, टेस्टला पाठवण्याइतकी भ्रूणं तरी आहेत का, एकही नॉर्मल निघालं नाही तर पुढे काय. रिपोर्ट नॉर्मल आला तरी थॅलेसेमियासारखे एका जीनमधले आजार यात दिसत नाहीत त्याची टेस्ट वेगळी असते, आणि गरोदरपणातल्या तपासण्या तरीही कराव्याच लागतात, हेही सांगायला हवं.

तुम्ही पुढच्या पुरवणीत एखाद्या जेनेटिक काउन्सेलरकडून (अशा तपासण्यांबद्दल जोडप्यांना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडून) यावर सविस्तर लिहून घ्या, आणि वयाप्रमाणे काय फरक पडतो ते त्यात नक्की येऊ द्या.

आपली,
एक वाचक